‘फ्री’ म्हणजे आपल्यातला

१/
पत्राच्या आरंभी लिहिला जाणारा ‘प्रिय’ आणि दुकानाच्या पाटीवर झळकणारा ‘फ्री’ हे दोन शब्द एकाच घराण्यातले आहेत. एक संस्कृतातून मराठीत आला, दुसरा इंग्रजीतून. मूळपुरुष मात्र एकच. हा थ्रेड त्यांपैकी दुसऱ्या शब्दाविषयी आहे. इ.स. ६०० ते १४०० या आठ शतकांत ‘फ्री’ या साध्या विशेषणाचा अर्थ इंग्लंडमध्ये अनेकदा पालटला. मध्ययुगीन मजकुरातल्या ‘फ्री’चे भाषांतर डोळे झाकून ‘स्वतंत्र’ असे केले, तर त्या काळातली असंख्य माणसे वाचकाच्या नजरेआड होतात, हे येथे मांडायचे मत आहे.

२/
आधी नात्याची शहानिशा. संस्कृतातल्या ‘प’च्या जागी जर्मानिक भाषांत पुष्कळदा ‘फ’ सापडतो. ‘पितृ’ आणि ‘फादर’, ‘पाद’ आणि ‘फूट’ या जोड्या प्रसिद्ध आहेत. ‘प्रिय’ आणि ‘फ्री’ ही जोडी त्याच नियमाने जुळते. दोन्ही शब्दांच्या मुळाशी असलेल्या प्राचीन इंडो-युरोपीय शब्दाचा अर्थ होता ‘लाडका’, ‘जवळचा’. जुन्या इंग्रजीत ‘फ्रेओगन’ या क्रियापदाचे दोन अर्थ होते : प्रेम करणे आणि गुलामाला मुक्त करणे. ‘फ्रेंड’ हा शब्दही याच धातूचा. त्याचा मूळ अर्थ ‘प्रेम करणारा’.

३/
प्रेमाचा आणि मोकळेपणाचा संबंध कसा जुळला? त्याचे उत्तर घराच्या उंबऱ्याशी आहे. प्राचीन कुटुंबात दोन प्रकारची माणसे राहत. एक रक्तानात्याची, म्हणजे ‘लाडकी’; दुसरी विकत घेतलेली किंवा युद्धात पकडलेली. पहिल्या प्रकारच्या माणसांना लावायचे विशेषण हळूहळू ‘गुलाम नसलेला’ या अर्थाने रूढ झाले. लॅटिनमध्येही हाच विचार दिसतो. तेथे ‘लिबेर’ म्हणजे मोकळा आणि ‘लिबेरी’ म्हणजे घरातली मुले. मोकळा तो, जो आपला.

४/
म्हणजे ‘फ्री’ हा शब्द आरंभी माणसाच्या अंगभूत हक्काविषयी काहीच सांगत नव्हता. तो एका वर्तुळाविषयी सांगत होता. वर्तुळ म्हटले की आत आणि बाहेर आलेच. शब्दाच्या मुळावरून त्याचा सर्वकाळचा अर्थ ठरत नाही, हे खरे. म्हणून येथे केवळ व्युत्पत्तीवर विसंबलेले नाही. पुढचा सर्व पुरावा त्या त्या शतकातल्या कायद्यांचा, मृत्युपत्रांचा, कथांचा आणि बंडांचा आहे.

५/
इंग्रजीतला सर्वांत जुना कायदा केंटच्या एथेलबर्ट राजाचा, इ.स. ६०० च्या सुमाराचा. बाराव्या शतकात रॉचेस्टर येथे केलेल्या एका नकलेमुळे तो आज उपलब्ध आहे. या कायद्यात ‘फ्री’ माणूस सतत भेटतो, पण हक्कांच्या यादीत नव्हे, भरपाईच्या कोष्टकात. सामान्य मोकळ्या माणसाच्या जिवाची भरपाई १०० शिलिंग. गुलामाच्या बाबतीत गणित वेगळे, कारण त्याचे नुकसान हे त्याच्या मालकाचे नुकसान मानले जाई. येथे ‘फ्री’ म्हणजे ज्याच्या मृत्यूचा हिशेब त्याच्या नातलगांना द्यावा लागतो, असा माणूस.

६/
जुन्या इंग्रजीत स्वातंत्र्याला एक शब्द होता : ‘फ्रेओल्स’. त्याची फोड ‘मोकळी मान’ अशी होते. ज्याच्या मानेभोवती कडे नाही, तो मोकळा. कालांतराने ही फोड बोलणाऱ्यांच्या ध्यानातून गेली आणि हाच शब्द ‘सण’ या अर्थानेही वापरला जाऊ लागला. कारण सणाच्या दिवशी कामाला सुटी असे. एका शब्दात गुलामाच्या गळ्यातले कडे आणि सुटीचा आनंद असे दोन्ही साठवलेले होते.

७/
वर्तुळाच्या आतल्याला ‘फ्री’ म्हणत, तर बाहेरच्याला काय म्हणत? एक शब्द होता ‘वेआल्ह’. त्याचा मूळ अर्थ ‘परका’. अँग्लो-सॅक्सन लोक ब्रिटनच्या जुन्या रहिवाशांना हा शब्द लावीत. आजचा ‘वेल्श’ त्यातूनच आला, आणि ‘कॉर्नवॉल’मधला ‘वॉल’ही. पुढे याच शब्दाला ‘गुलाम’ हा अर्थ चिकटला. ज्यांची भूमी होती, ते त्याच भूमीत परके ठरले. आणि परका म्हणजे गुलाम, हे समीकरण भाषेनेच पक्के केले.

८/
हे समीकरण कागदावर पाहायचे असेल तर बॉडमिन येथील शुभवर्तमानाची हस्तलिखित पोथी पाहावी. कॉर्नवॉलमधल्या संत पेट्रोकच्या वेदीपाशी गुलाम मुक्त केल्याच्या अनेक नोंदी दहाव्या-अकराव्या शतकांत या पोथीच्या कोऱ्या जागांत लिहिल्या गेल्या. कोणी कोणाला मुक्त केले आणि साक्षीदार कोण, एवढाच मजकूर. मुक्त होणाऱ्यांची नावे बहुतांश कॉर्निश आहेत; मुक्त करणाऱ्यांची बहुतांश इंग्रजी. कोणतेही भाष्य न करता ही नावेच सारे सांगतात.

९/
दहाव्या शतकातल्या विनफ्लॅड नावाच्या एका श्रीमंत स्त्रीचे मृत्युपत्र उपलब्ध आहे. तिने आपल्या अनेक गुलामांना मुक्त केले. वुल्फवारू नावाच्या स्त्रीविषयी ती म्हणते की ती मुक्त होईल आणि तिला आवडेल त्याची सेवा करील. लगेच पुढे वुल्फफ्लॅड नावाच्या स्त्रीला मुक्ती आहे, पण दोन ठरावीक स्त्रियांची सेवा करण्याच्या अटीवर. त्याच मृत्युपत्रात एक विणकरीण आणि एक शिवणकाम करणारी स्त्री वारशात दिल्या आहेत. ‘मुक्त’ या एका शब्दाला किती निरनिराळ्या लांबीचे दोर बांधलेले असत, याचा हा नमुना आहे. वुल्फवारूच्या मुक्तीचा अर्थही ‘सेवा नाही’ असा नव्हता; ‘धनी निवडता येईल’ असा होता.

१०/
डरहॅमच्या चर्चमधल्या एका ग्रंथात गेआटफ्लॅड नावाच्या स्त्रीची नोंद आहे. तिने एक लोहार, काही कुटुंबे, त्यांची जन्मलेली आणि अजून न जन्मलेली मुले यांना मुक्त केले. आणि शेवटी अशा सर्वांनाही, ज्यांची डोकी तिने वाईट दिवसांत अन्नाच्या बदल्यात स्वीकारली होती. दुष्काळात पोटासाठी माणसे स्वतःचे डोके धन्याच्या हातात देत आणि गुलाम होत, हा त्याचा अर्थ. ‘फ्री’ आणि ‘गुलाम’ यांच्यामधली भिंत जन्माने उभी राही खरी, पण एका नापिकीने ती ओलांडली जाई; आणि ती नेहमी एकाच दिशेने सोपी असे.

११/
इ.स. १००० च्या सुमारास एल्फ्रिक या मठवासी शिक्षकाने मुलांना लॅटिन बोलायला शिकवण्यासाठी संवाद रचले. त्यांत निरनिराळे कामकरी आपापल्या कामाचे वर्णन करतात. नांगऱ्या सांगतो की कितीही कडाक्याचा हिवाळा असला तरी धन्याच्या भीतीने घरात लपून राहता येत नाही. काम फार कष्टाचे आहे, हे तो मान्य करतो आणि त्याचे कारण देतो : तो मोकळा नाही. पाठ्यपुस्तकातले हे वाक्य मठातली मुले घोकत असत. त्या मुलांचे अन्न अशाच कोणाच्या तरी नांगरातून येत होते.

१२/
१०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि १०८६ मध्ये ‘डोम्सडे’ नावाची प्रचंड पाहणी झाली. तिच्यात सुमारे २८,००० गुलामांची नोंद आहे. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत ही गुलामी इंग्लंडमधून जवळजवळ नाहीशी झाली. ११०२ च्या वेस्टमिन्स्टर येथील धर्मसभेने माणसांना जनावरांसारखे विकण्याचा निषेध केला होता. शिवाय गुलामाला वर्षभर पोसण्यापेक्षा त्याला जमिनीचा तुकडा देऊन वेठीला धरणे धन्याला स्वस्त पडत होते. कडे मानेवरून निघाले आणि जमिनीला अडकवले गेले.

१३/
नॉर्मनांबरोबर फ्रेंच भाषा आली आणि ‘फ्री’ला एक जोडीदार मिळाला : ‘फ्रँक’. हे मूळचे एका टोळीचे नाव. फ्रँक लोकांनी गॉल जिंकला, तेथे पूर्ण मोकळा माणूस म्हणजे फ्रँक, असे झाले; आणि जमातीचे नाव विशेषण बनले. याच्या उलट बाजूलाही एक जमात आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत रुळू लागलेला ‘स्लेव्ह’ हा शब्द ‘स्लाव’ या लोकनामावरून आलेला आहे. जिंकणाऱ्यांचे नाव स्वातंत्र्याला आणि पकडल्या गेलेल्यांचे नाव गुलामीला. शब्दकोशातल्या या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात.

१४/
बाराव्या-तेराव्या शतकांत राजाच्या न्यायालयांनी ‘फ्री’ची नवी व्याख्या केली. आता प्रश्न गुलामीचा नव्हता, भूदासाचा होता. इंग्लंडमध्ये त्याला ‘व्हिलेन’ म्हणत. तेराव्या शतकातला, ब्रॅक्टनच्या नावाने ओळखला जाणारा कायदेग्रंथ एक कसोटी देतो : उद्या सकाळी कोणते काम करावे लागेल हे ज्याला आज संध्याकाळी ठाऊक नसते, तो भूदास. मुलीच्या लग्नासाठी धन्याला पैसे भरावे लागणे ही दुसरी खूण. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, धन्याने जमीन काढून घेतली तर भूदासाला राजाच्या न्यायालयात दाद नसे. ‘फ्री’ म्हणजे ज्याच्यासाठी न्यायालयाचे दार उघडे आहे, तो.

१५/
या पार्श्वभूमीवर १२१५ ची मॅग्ना कार्टा वाचली पाहिजे. तिचे ३९ वे कलम जगप्रसिद्ध आहे : कायदेशीर निवाड्यावाचून कोणाला पकडू नये, त्याची मालमत्ता हिरावू नये. पण ‘कोणाला’ या जागी मूळ लॅटिनमध्ये ‘लिबेर होमो’, म्हणजे ‘मोकळा माणूस’, असे शब्द आहेत. इंग्लंडच्या ग्रामीण लोकसंख्येचा फार मोठा भाग भूदासांचा होता आणि त्याला हे कलम लागू नव्हते. ‘१२१५ मध्ये इंग्लंडने प्रत्येक माणसाला स्वातंत्र्य दिले’ हे विधान म्हणूनच चुकीचे आहे. चूक मोठी नाही, एका विशेषणाएवढीच आहे. पण तेवढ्या विशेषणात लाखो माणसे मावतात.

१६/
येथे एक रास्त आक्षेप येतो. १३५४ च्या कायद्याने ‘मोकळा माणूस’ या शब्दांऐवजी ‘कोणत्याही दर्जाचा वा स्थितीचा माणूस’ असे शब्द योजले आणि हेच संरक्षण विस्तारले. मग वर्तुळ मोठे झाले नाही का? कागदावर झाले. परंतु स्वतःच्या धन्याविरुद्ध जमिनीसाठी भूदासाला राजाच्या न्यायालयात उभे राहता येत नसे, ही स्थिती त्या कायद्यानंतरही टिकली. कायद्याच्या एका वाक्यात माणूस ‘कोणीही’ होता. मॅनरच्या कचेरीत तो अजून भूदासच होता.

१७/
शहरांत ‘फ्री’चा अर्थ आणखी निराळा. सनदी शहरात भूदास एक वर्ष आणि एक दिवस धन्याने न पकडता राहिला तर तो मोकळा मानला जाई. पण शहरात मोकळे असणे वेगळे आणि शहराचा ‘फ्रीमन’ असणे वेगळे. लंडनमध्ये हा दर्जा उमेदवारी पूर्ण करून, वडिलांच्या वारशाने किंवा पैसे भरून मिळे. तो मिळाला तरच किरकोळ विक्रीचे दुकान मांडता येई. ज्यांना तो नव्हता, त्या इंग्लंडमध्येच जन्मलेल्या लोकांना लंडनकर ‘फॉरिन’ म्हणत. जो ‘फ्री’ नाही तो परका, हा सहाशे वर्षांपूर्वीचा हिशेब बाजारपेठेत पुन्हा मांडला गेला.

१८/
आता अर्थाचे सर्वांत मोठे वळण. तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या इंग्रजी कथाकाव्यांत ‘फ्रे’ हे विशेषण राजकन्यांना, सरदारांना, माता मेरीला लावलेले आढळते. ‘सुंदर आणि फ्रे’ ही जोडी तर कवींच्या जिभेवर खेळत असे. येथे त्याचा अर्थ ‘कुलीन’ आणि त्याहून अधिक ‘उदार’, ‘हात न आखडणारा’ असा आहे. चॉसरने आपल्या सरदाराच्या गुणांत ‘फ्रीडम’ मोजला आहे. तो राजकीय स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता होता म्हणून नव्हे. तो दिलदार होता म्हणून.

१९/
याचे उत्तम उदाहरण ‘कँटरबरी टेल्स’मधली फ्रँकलिनची कथा. सांगणारा फ्रँकलिन म्हणजे मोकळा जमीनधारक. त्याच्या उपाधीतच ‘फ्रँक’ आहे. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरची डोरिजन ही विवाहिता मागे लागलेल्या ऑरेलियसला थट्टेने म्हणते की समुद्रातले काळे खडक नाहीसे केलेस तर मी तुझी. तो १,००० पौंडांच्या बोलीवर एका जादूगाराकडून खडक दिसेनासे करवतो. नवरा आर्व्हेरागस दुःखाने तिला दिलेला शब्द पाळायला पाठवतो. ते पाहून ऑरेलियस तिला मोकळे करतो. आणि हे ऐकून जादूगार त्याचे ऋण सोडतो. शेवटी निवेदक श्रोत्यांना विचारतो की यांच्यातला सर्वांत ‘फ्रे’ कोण?

२०/
‘सर्वांत स्वतंत्र कोण’ असा तो प्रश्न वाचला तर कथेचे टोकच मोडते. प्रश्न आहे, ‘सर्वांत उदार कोण’. मराठी वाचकाला हे चटकन उमगावे. कारण मराठीतही ‘मोकळा’ या शब्दाला दोन्ही बाजू आहेत. तुरुंगातून सुटलेला माणूस मोकळा, मन न कोंडणारा माणूसही मोकळा. मात्र चॉसरच्या कथेत एक गोष्ट नजरेतून निसटू नये. तिघे पुरुष काही ना काही सोडतात आणि ‘फ्रे’ ठरण्याच्या स्पर्धेत उतरतात. जिला पाठवले आणि परत पाठवले, त्या डोरिजनचे नाव त्या प्रश्नात नीट बसतच नाही. सोडायला आधी काहीतरी आपले असावे लागते.

२१/
दर्जाचे शब्द गुणाचे शब्द कसे होतात, हे येथे दिसते. ‘फ्री’ वर चढला आणि ‘उदार’ झाला. ‘व्हिलेन’ हा साधा खेडूत, तो खाली घसरला आणि खलनायक झाला. ‘चर्ल’ तर मूळचा मोकळा शेतकरी; नॉर्मन विजयानंतर त्याचा दर्जा गेला आणि शब्दाचा अर्थ ‘असंस्कृत, रांगडा’ असा उरला. ज्यांच्याकडे जमीन होती, त्यांच्याकडे भाषेने सद्गुणही सोपवले. ज्यांच्याकडून श्रम घेतले, त्यांच्या नावाची शिवी केली.

२२/
तरीही या अर्थाला निव्वळ ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल. ‘जो मोकळा आहे त्याने उदार असले पाहिजे’ अशी मागणीही त्यात होती. मोकळेपण हा उपभोग नव्हता. त्यासोबत देणे लागत असे. आधुनिक ‘फ्री’मधून ही मागणी गळून गेली आहे. आजचा शब्द ‘माझ्यावर बंधन नाही’ एवढेच सांगतो. ‘माझ्याकडून काही अपेक्षित आहे’ हे सांगत नाही. अर्थ रुंदावला, हा लाभ झाला. हा एक पदर सुटला, ही हानीही झाली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही नोंदवायला हव्यात.

२३/
मग अर्थ रुंदावला कसा? १३४८-४९ च्या महामारीत इंग्लंडची लोकसंख्या भयंकर घटली. मजूर दुर्मीळ झाले, मजुरी वाढू लागली. १३४९ च्या राजाज्ञेने फर्मावले की साठ वर्षांखालच्या, स्वतःचे साधन नसलेल्या प्रत्येक धडधाकट स्त्रीपुरुषाने, तो मोकळा असो वा भूदास, महामारीपूर्वीच्या दराने काम केलेच पाहिजे. ‘मोकळा असो वा भूदास’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्या राज्याने शतकानुशतके या दोहोंत भेद केला, त्याने राबवून घेण्यापुरता तो एका वाक्यात पुसला. आपले मोकळेपण किती पोकळ आहे, हे अनेकांना त्या दिवसांत कळले असणार.

२४/
१३७७ मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या अनेक खेड्यांतल्या लोकांनी विलक्षण गोष्ट केली. वर्गणी काढून त्यांनी सरकारी दप्तरातून ‘डोम्सडे’मधल्या आपल्या गावाच्या उताऱ्यांच्या अधिकृत नकला विकत घेतल्या. एकेकाळी गाव राजाच्या खास मालकीचे होते असे सिद्ध झाले, तर जादा वेठ टळेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. ग्रंथ तीनशे वर्षे जुना, भाषा लॅटिन. जमीनदारांनी संसदेत तक्रार केली आणि कायदा खेड्यांच्या विरोधात गेला. परंतु लक्षात घेण्याजोगी बाब ही की ‘फ्री’ या शब्दाचा पुरावा शोधण्यासाठी अभिलेखागाराचे दार ठोठावणारे हे लोक विद्वान नव्हते, शेतकरी होते.

२५/
चार वर्षांनी दार ठोठावणे थांबले. डोईपट्टी हे १३८१ च्या बंडाचे निमित्त. केंट आणि एसेक्सचे लोक लंडनवर चालून आले. जॉन बॉल या धर्मोपदेशकाने आदम आणि हव्वेचा दाखला देऊन विचारले की त्या दोघांच्या काळी सरदार कोण होता? १४ जून रोजी माइल एंड येथे १४ वर्षांच्या रिचर्ड राजापुढे मागणी मांडली गेली : भूदासपण संपवा, जमिनीचा खंड एकरी ४ पेनी ठेवा. दुसऱ्या दिवशी स्मिथफील्ड येथे वॉट टायलरची मागणी, एका वृत्तांतानुसार, आणखी पुढे गेली : राज्यात भूदास कोणीच नको, सर्व माणसे मोकळी आणि एकाच दर्जाची असावीत.

२६/
‘सर्व’. या एका शब्दाने ‘फ्री’चा अर्थ मुळापासून बदलतो. आठशे वर्षे तो शब्द बाहेर कोणीतरी आहे म्हणून अर्थपूर्ण होता. सर्वच आत आले तर वर्तुळ उरत नाही. हा नवा अर्थ विद्यापीठात किंवा दरबारात जन्मला नाही. एका धुळीच्या मैदानावर, शस्त्रे घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्यांच्या तोंडी जन्मला. टायलर तेथेच मारला गेला. राजाच्या लेखनिकांनी आदल्या दिवशी घाईघाईने लिहून दिलेल्या मुक्तीच्या सनदा २ जुलै रोजी रद्द झाल्या. १५ जुलै रोजी सेंट ऑल्बन्स येथे जॉन बॉलला देहदंड दिला गेला.

२७/
सेंट ऑल्बन्समधलाच एक प्रसंग सांगितला पाहिजे. तेथल्या मठाने गावकऱ्यांना घरी दळण्यास बंदी केली होती. धान्य मठाच्या गिरणीतच दळायचे आणि त्याचा मोबदला द्यायचा. गावकऱ्यांची जप्त केलेली जाती एका मठाधिपतीने आपल्या बैठकीच्या खोलीत फरशीसारखी बसवली होती. १३८१ च्या जूनमध्ये लोक आत शिरले, त्यांनी ती जाती उखडली, त्यांचे तुकडे केले आणि चर्चमध्ये प्रसादाची भाकरी वाटावी तसे आपसांत वाटले. ‘फ्री’ची व्याख्या त्या गावापुरती स्पष्ट होती : आपले पीठ आपल्या जात्यावर दळता येणे.

२८/
पुढे भूदासपण कोणत्याही कायद्याने रद्द झाले नाही; पंधराव्या शतकात ते हळूहळू विरत गेले. १५७४ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने राजघराण्याच्या जमिनींवरचे उरलेसुरले भूदास मुक्त करण्यासाठी अधिकारी नेमले. ती मुक्तीही मोबदला घेऊनच द्यायची होती. त्याआधी बारा वर्षे, १५६२ मध्ये, जॉन हॉकिन्स आफ्रिकी माणसे विकण्यासाठी आपल्या पहिल्या सफरीवर निघाला होता. घरातले वर्तुळ रुंद होत असतानाच त्याची कड समुद्रापार सरकत होती.

२९/
कोणी म्हणेल, शब्दांचे अर्थ बदलतच असतात. त्यात एवढे काय? बदलतात हे खरे, पण आपोआप नाही. ‘फ्री’चा अर्थ एथेलबर्टच्या कायद्याने ठरवला, ब्रॅक्टनने आखला, लंडनच्या व्यापाऱ्यांनी आवळला, कवींनी सजवला आणि १३८१ च्या शेतकऱ्यांनी फोडून पाहिला. प्रत्येक वेळी कोणाला तरी आत घेतले गेले आणि कोणाला तरी बाहेर ठेवले गेले.

३०/
म्हणून मध्ययुगीन इंग्रजीतल्या मजकुरात ‘फ्री’ दिसला की भाषांतराआधी एक प्रश्न विचारावा : येथे ‘फ्री’ नसलेला कोण आहे? एल्फ्रिकच्या पाठात तो नांगऱ्या आहे, मॅग्ना कार्टात भूदास, लंडनच्या बाजारात ‘फॉरिन’, चॉसरच्या कथेत बहुधा डोरिजन. उत्तरानुसार ‘मोकळा’, ‘कुलीन’, ‘उदार’, ‘सनदी’ यांपैकी योग्य तो शब्द निवडावा. ‘स्वतंत्र’ हा शब्द स्मिथफील्डच्या मैदानासाठी राखून ठेवावा. तो तेथे मागितला गेला होता आणि त्या दिवशी दिला गेला नव्हता.